निळा रंग आणि रक्तातील लोह

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, कथा-कादंबरी यांविषयी बोलले जावे हा जुना प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. आजचा विषय या प्रघाताबाहेरचा आहे. मेथिलीन ब्ल्यू नावाचा एक निळा रंग आणि माणसाच्या रक्तातील लोह यांचे परस्परांशी असलेले नाते, हा तो विषय. वरवर पाहता हा पाहुणा रसायनशास्त्राच्या घरचा वाटेल. परंतु ज्या भाषेत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणतात आणि जीव घाबरा झालेल्या माणसाविषयी ‘तो काळानिळा पडला’ असे सांगतात, त्या भाषेला हा विषय परका नाही. निळेपणा हे धोक्याचे लक्षण आहे, हे मराठी माणसाने पाहिले होते आणि शब्दांत नोंदवून ठेवले होते. मग काळानिळा पडलेला माणूस निळ्याच औषधाने पुन्हा गुलाबी कसा होतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

इ. स. १८७६ मध्ये जर्मनीतील बाडिशे अनिलीन उंड सोडा फाब्रिक या कारखान्यात हाइन्रिख कारो या रसायनज्ञाने हा रंग प्रथम तयार केला. हेतू अगदी व्यावहारिक होता : सूत आणि कापड रंगवणे. दगडी कोळशाच्या डांबरापासून अनिलीन मिळवावे आणि अनिलीनपासून नवनवे रंग घडवावेत, असा तो काळ होता. आपल्या घरी पांढरे कपडे धुताना वापरतात ती नीळ वेगळी आणि हा रंग वेगळा, एवढे येथेच स्पष्ट केलेले बरे.

कापडासाठी जन्मलेला हा रंग लवकरच सूक्ष्मदर्शकाखाली गेला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू जगाला दाखवले, त्या कामी मेथिलीन ब्ल्यूचा उपयोग झाला होता. पॉल एर्लिख या त्यांच्या तरुण समकालीनाच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. हा रंग सर्व पेशींना सारखा चिकटत नाही. काही पेशींना तो विशेष धरतो. हिवतापाचे परजीवी तो उत्तम रीतीने रंगवतो. जो रंग परजीवीला नेमका गाठतो, तो त्याला मारूही शकेल काय? १८९१ मध्ये बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयात पॉल गुटमान आणि एर्लिख यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्ल्यू दिले आणि ते दोघेही बरे झाले. निसर्गातून न घेता केवळ प्रयोगशाळेत घडवलेले द्रव्य मानवी रोगावर औषध म्हणून वापरल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

या कथेचा एक धागा आपल्या हैदराबादशी जुळतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाचे पोट उघडले आणि त्यात काळसर कण असलेल्या पेशी पाहिल्या. त्या कणांवरूनच त्यांनी ओळखले की, हा हिवतापाचा परजीवी आहे. ते काळे कण म्हणजे काय? परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातील लोहयुक्त भाग त्याला विषासमान असतो, म्हणून तो त्याचे अविद्राव्य स्फटिक बनवून बाजूला टाकतो. रॉस यांना दिसले ते माणसाच्या रक्तातील लोहाचेच हे अवशेष होते. मेथिलीन ब्ल्यू स्फटिक बनवण्याच्या या क्रियेत अडथळा आणते, असे पुढे प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसून आले. निळा रंग आणि रक्तातील लोह यांची गाठ अशी सव्वाशे वर्षांपूर्वीच पडली होती. तिचा अर्थ मात्र हळूहळू उलगडत गेला.

आता त्या लोहाकडे वळू. फेलिक्स होपे-झायलर यांनी १८६४ मध्ये रक्तातील तांबड्या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले. त्याच्या एका रेणूत चार हीम असतात आणि प्रत्येक हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसलेला असतो. फुप्फुसात प्राणवायूचा एक रेणू या लोहाला येऊन चिकटतो आणि शरीराच्या दूरच्या भागात पोहोचला की सुटतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात आणि ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. एवढ्या काळात हे घेणे आणि देणे अखंड चालू असते.

येथे एक अट आहे. हे लोह ‘फेरस’ अवस्थेत असले पाहिजे. फेरस अवस्थेतील लोहाने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावला की ते ‘फेरिक’ होते. ओल्या हवेत ठेवलेल्या खिळ्याला तांब चढते, तिच्यातील लोहही फेरिकच असते. ही तुलना शब्दशः घेऊ नये. रक्तात काही गंज साचत नाही. परंतु इलेक्ट्रॉन गमावणे ही घटना दोन्हीकडे समान आहे. प्राणवायूला तात्पुरते धरणे आणि प्राणवायूमुळे स्वतःच बदलून जाणे यांत मोठे अंतर आहे. पहिले हिमोग्लोबिनचे नेहमीचे काम. दुसरा त्याचा अपघात. अशा फेरिक लोहाच्या हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. ते प्राणवायू धरू शकत नाही. इतकेच नव्हे, तर एखाद्या रेणूतील चारांपैकी एक-दोन लोह फेरिक झाले की उरलेली फेरस लोहे आपल्याकडचा प्राणवायू कृपणासारखी घट्ट धरून ठेवतात. म्हणजे नुकसान दुहेरी : काहींकडे देण्यासारखे उरत नाही, आणि ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत.

हा अपघात निरोगी माणसाच्या शरीरातही रोज घडतो. दिवसाला साधारण अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिन असे बिघडते. तरीही कोणत्याही क्षणी त्याचे रक्तातील प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच राहते, कारण दुरुस्तीची व्यवस्था पेशीतच आहे. सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज नावाचे विकर गमावलेला इलेक्ट्रॉन लोहाला परत मिळवून देते. दुरुस्तीचा जवळजवळ सर्व भार हेच विकर वाहते. याखेरीज दुसराही एक मार्ग आहे. तेथे एनएडीपीएच या द्रव्याकडे इलेक्ट्रॉनांचा साठा असतो आणि तो उचलणारे विकरही हजर असते. मात्र तो माल लोहापर्यंत पोहोचवणारा कोणी नसल्याने हा मार्ग एरवी जवळपास ओस असतो. घाटावर माल आहे, हमाल आहे, पण नाव नाही, असा प्रकार.

मेथिलीन ब्ल्यू ही नाव पुरवते. शिरेतून रक्तात गेलेला हा निळा रंग तांबड्या पेशीत शिरतो, त्या दुसऱ्या मार्गावरील विकराकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः रंगहीन होतो. या रंगहीन रूपाला ल्यूकोमेथिलीन ब्ल्यू म्हणतात. ते थेट मेटहिमोग्लोबिनला गाठते, इलेक्ट्रॉन लोहाच्या हवाली करते आणि पुन्हा निळे होते. निळे झाले की परत पहिल्या तीरावर. एकच रेणू अशा अनेक फेऱ्या करू शकतो, म्हणूनच थोड्या औषधाने मोठे काम होते. एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेथिलीन ब्ल्यू रक्ताला लोह देत नाही, हिमोग्लोबिन वाढवत नाही, पंडुरोगावर त्याचा उपयोग नाही. जे लोह आहे त्याची बिघडलेली अवस्था ते सुधारते.

रंग घालवणे आणि परत मिळवणे हा या द्रव्याचा स्वभाव डोळ्यांनीही पाहता येतो. दुग्धशाळांत दुधाची प्रत पाहण्यासाठी मेथिलीन ब्ल्यूचीच परीक्षा करण्याची रीत आहे. दुधाच्या नमुन्यात रंग मिसळतात. जंतू जितके अधिक, तितक्या लवकर निळा रंग नाहीसा होतो. अनेक तास रंग टिकला तर दूध चांगले.

रंग आणि रक्त यांचे हे नाते वैद्यकात पक्के झाले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रंगांच्या कारखान्यांत अनिलीनचा संपर्क आलेल्या कामगारांचे ओठ निळे पडत, कारण अनिलीनमुळे रक्तात मेटहिमोग्लोबिन वाढते. १९३० च्या दशकात सल्फानिलामाइड हे नवे औषध आले आणि ते घेणारे काही रुग्णही निळे दिसू लागले. १९३९ मध्ये विल्यम वेंडेल यांनी मेथिलीन ब्ल्यूने हा दोष आवरता येतो असे दाखवले. ज्या अनिलीनच्या घराण्यात विष जन्मले, त्याच घराण्यात त्याचा उतारा जन्मला. काट्याने काटा काढावा, तसे हे झाले.

याच नात्याची सर्वांत हृद्य कथा अमेरिकेतील केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातील आहे. ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी १८२० च्या सुमारास मार्टिन फ्यूगेट नावाचा गृहस्थ येऊन स्थायिक झाला. त्याच्या सात अपत्यांपैकी चौघांची त्वचा निळी होती, असे सांगतात. दळणवळण नसलेल्या त्या खोऱ्यात आप्तांतच विवाह होत राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या निळी मुले जन्मत राहिली. ही माणसे आजारी नव्हती. त्यांतील अनेकांना दीर्घायुष्य लाभले. परंतु लोकांच्या नजरा त्यांना सोसाव्या लागत, आणि निळेपणाची लाज त्यांच्या मनात घर करून होती.

कारण अन्यत्र उलगडत होते. आयर्लंडमधील जेम्स डीनी या डॉक्टरांनी १९४० च्या दशकात दोन निळ्या भावांवर क जीवनसत्त्वाचा प्रयोग केला आणि निळेपणा कमी होतो हे पाहिले. बेलफास्टच्या क्वेन्टिन गिब्सन यांनी १९४८ मध्ये या रोगाचे मूळ दुरुस्ती करणाऱ्या विकराच्या अभावात आहे हे मांडले. १९६० च्या सुमारास अलास्कातील मूळ रहिवाशांत हाच आनुवंशिक दोष आढळला. केंटकी विद्यापीठातील रक्तविकारतज्ज्ञ मॅडिसन कॉवाइन हे सारे वाचून होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या खोऱ्यातील एक निळे भाऊ-बहीण त्यांच्याकडे आले. कॉवाइन यांनी त्यांच्या रक्ताची तपासणी केली आणि प्रत्येकाला १०० मिलिग्रॅम मेथिलीन ब्ल्यू शिरेतून दिले. काही मिनिटांतच त्वचेचा निळेपणा ओसरला आणि जन्मभर निळ्या राहिलेल्या त्या दोघांनी स्वतःची गुलाबी त्वचा प्रथमच पाहिली. निळ्या माणसाला निळे औषध टोचून गोरे करायचे, हे त्यांना आरंभी पटणे कठीणच होते. औषध मूत्रावाटे निघून जाते आणि मूत्र निळसर-हिरवे होते, म्हणून पुढे त्यांना रोज घेण्यासाठी गोळ्या दिल्या गेल्या. १९६४ मध्ये कॉवाइन यांनी हा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मधल्या काळात त्या खोऱ्यात रस्ते आले, माणसे बाहेर पडली, विवाहसंबंध दूरवर होऊ लागले आणि निळी मुले जन्मेनाशी झाली.

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. जन्मजात दोष विरळा असला, तरी बाहेरून आलेल्या द्रव्यांनी होणारे मेटहिमोग्लोबिन आपल्या अवतीभोवती आहे. त्याचे पहिले ठिकाण विहीर. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील हंटर कॉम्ली यांनी दाखवले की, नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडतात. खतांतून, मलमूत्रातून झिरपलेले नायट्रेट शरीरात नायट्राइट बनते आणि नायट्राइट लोहाला फेरिक करते. तान्ह्या मुलात दुरुस्तीचे विकर मोठ्या माणसापेक्षा बरेच कमी असते, म्हणून धोका त्यालाच अधिक. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. येथे घराघरातील एक समजूत घातक ठरते. पाणी उकळले की निर्धोक झाले, हे जंतूंच्या बाबतीत खरे. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. बाळाला वरचे दूध द्यायचे असेल आणि पाणी शेतातील विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल, तर त्याची तपासणी आधी करून घेतलेली बरी. आईच्या दुधाला हे भय नाही.

दुसरे ठिकाण शेत. फुलोरा वाढावा म्हणून पिकांवर नायट्रोबेंझीनयुक्त द्रावण फवारतात. ते चुकून किंवा वैफल्याच्या भरात पोटात गेले की रक्त चॉकलेटी होते आणि ओठ, नखे काळीनिळी पडतात. अशा अनेक रुग्णांचे वृत्तांत भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आहेत आणि मेथिलीन ब्ल्यूने त्यांतील अनेकांचे प्राण वाचले आहेत. तिसरे ठिकाण औषधाचे कपाट. कुष्ठरोगावरील उपचारात ज्याचे स्थान मोठे आहे, त्या डॅप्सोनमुळे आणि हिवतापावरील प्रायमाक्वीनमुळेही काहींच्या रक्तात मेटहिमोग्लोबिन वाढते. औषध अर्थातच मनाने बंद करू नये. ओठ निळे दिसू लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

हा विकार ओळखण्याची एक साधी खूण सांगितली जाते. रुग्णाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या गाळणकागदावर ठेवावा. प्राणवायू कमी पडल्यामुळे काळपट झालेले रक्त हवेत लाल होते. मेटहिमोग्लोबिनचे रक्त तपकिरीच राहते. उलट, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. २०२० नंतरच्या कोविडच्या साथीत हे यंत्र घरोघर पोहोचले आणि त्यावरील आकडा लोकांना वेदवाक्य वाटू लागला. परंतु मेटहिमोग्लोबिन फार वाढले, तर हे यंत्र खरी स्थिती काहीही असो, ८५ च्या आसपासच घुटमळते. मेथिलीन ब्ल्यू दिल्यावर तर आकडा काही काळ आणखी खाली येतो, कारण रक्तातील निळा रंगच यंत्राला चकवतो. प्राणवायूचा मुखवटा लावूनही निळेपणा हटत नाही, हे लक्षण म्हणून फार महत्त्वाचे.

मेथिलीन ब्ल्यूचे गुण असे थोर असले, तरी त्याच्या मर्यादा सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश, ही त्याची नेहमीची मात्रा. अति तेथे माती ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. मात्रा फार वाढली की इलेक्ट्रॉन देणारा हा रंग उलट लोहाकडूनच इलेक्ट्रॉन काढून घेऊ लागतो आणि जो रोग घालवायचा तोच वाढवतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. ज्या एनएडीपीएचच्या साठ्यावर या नावेच्या फेऱ्या चालतात, तो साठा भरण्यासाठी जी-सिक्स-पीडी नावाचे विकर लागते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जन्मतः हे विकर कमी असते, त्यांच्यात मेथिलीन ब्ल्यू निष्फळ ठरते, आणि वर तांबड्या पेशी फुटून रुग्ण अधिकच संकटात सापडू शकतो. हा दोष जगात कोट्यवधी लोकांत आहे. हिवतापाचे दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या प्रदेशांत तो अधिक आढळतो आणि पुरुषांत अधिक प्रकट होतो. १९५६ मध्ये प्रायमाक्वीनने आजारी पडणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासातूनच तो उघडकीस आला. तो असल्याचे माणसाला एरवी कळतही नाही. तिसरी मर्यादा मनाच्या औषधांची. खिन्नतेवरील अनेक गोळ्या मेंदूतील सेरोटोनिन वाढवतात. मेथिलीन ब्ल्यू सेरोटोनिनचा निचरा रोखते. दोन्ही एकत्र आली तर ताप, थरथर, भ्रम अशी जीवघेणी अवस्था ओढवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याविषयी इशारा दिला आहे.

हे सारे सांगण्याची निकड अलीकडे वाढली आहे. स्मरणशक्ती वाढते, तारुण्य टिकते अशा जाहिराती करून मेथिलीन ब्ल्यूचे थेंब विकले जाऊ लागले आहेत, आणि सुशिक्षित माणसेही ते पाण्यात घालून पितात. माशांच्या टाकीसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी विकला जाणारा रंग औषधाच्या शुद्धतेचा नसतो, हेही त्यांना ठाऊक नसते. निरोगी माणसाच्या रक्तातील लोहाची दुरुस्ती त्याचे शरीर रोज विनामूल्य करीत असते. तेथे ही नाव सोडण्याचे प्रयोजन नाही. जेथे प्रयोजन आहे, तेथे ती वेळेवर मिळाली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत विषावरील उतारा म्हणून या औषधाचा समावेश आहे. ज्या तालुक्यात शेते, विहिरी आणि फवारणीची द्रावणे आहेत, त्या तालुक्याच्या रुग्णालयात मेथिलीन ब्ल्यूच्या कुप्या शिल्लक आहेत की नाहीत, हे पाहणे डॉक्टरांइतकेच जागरूक नागरिकांचेही काम आहे.

केंटकीतील त्या भावंडांना शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाजेतून सोडवले ते कॉवाइन यांच्या सुईने खरे. पण सुईपूर्वी होते वाचन. आयर्लंड आणि अलास्का येथील निरीक्षणे कागदावर उतरली होती, कोणीतरी ती जपून ठेवली होती आणि योग्य वेळी योग्य माणसाने ती उघडून वाचली. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या संस्थेला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी आरोग्याची, शेतीची, विज्ञानाची मराठी पुस्तके असावीत, नवी घेतली जावीत आणि ती सभासदांच्या हाती पडावीत, एवढीच शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा.